व्हिक्टोरिया सरोवराचा उत्तर काठ: एंटेबे, माबांबा आणि जिंजा

आमचा पहिला बेत केनिया, युगांडा आणि टांझानिया असा तिन्ही देशांतून व्हिक्टोरिया सरोवराला वळसा घालण्याचा होता. नकाशा नीट पाहिल्यावर तो आम्हीच रद्द केला. सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही मोठे असलेले हे सरोवर एका सुटीत ‘पाहून’ होत नाही. त्याचा एखादाच काठ निवडावा लागतो. आम्ही दोघांनी जुलैमध्ये सहा दिवस हाताशी ठेवून युगांडाचा उत्तर काठ निवडला आणि ती निवड योग्यच ठरली.

मुंबईहून एंटेबेला थेट विमान आहे. विमानतळ सरोवराला लागूनच असल्यामुळे उतरताना खिडकीतून बराच वेळ फक्त पाणी दिसत राहते. निघण्यापूर्वी पीतज्वराची लस घेणे मात्र अनिवार्य आहे. ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. व्हिसा ऑनलाइन मिळतो. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या आणि अलीकडच्या वर्षांच्या नोटा न्याव्यात. जुन्या किंवा दुमडलेल्या नोटा कित्येक ठिकाणी घेत नाहीत आणि लहान रकमेच्या नोटांना दर कमी देतात.

सहा दिवसांतला सर्वांत मोलाचा दिवस माबांबाच्या पाणथळीचा होता. एंटेबेजवळच्या या दलदलीला २००६ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. आम्ही उजाडण्यापूर्वी निघून मोटरबोटीने तिथे पोहोचलो आणि पुढे एका अरुंद लाकडी होडीत बसलो. नावाडी लांब काठी तळाच्या चिखलात रेटत होता, दोन्ही बाजूंना पपायरस या पाणगवताच्या डोक्याहून उंच भिंती होत्या आणि होडीचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर होता. सुमारे तासाभराने वाटाड्याने नुसते बोट दाखवले. समोर शूबिल हा मोठा पाणपक्षी उभा होता: राखाडी, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा उंच, आणि चोच अशी की कोणी जुनी लाकडी खडाव तोंडाला अडकवली असावी. तो अर्धा तास हलला नाही. मग कोणतीही पूर्वसूचना न देता तो सगळ्या अंगानिशी पुढे कोसळला आणि वर आला तेव्हा चोचीत शेवाळ, चिखल आणि त्यात वळवळणारा फुप्फुसमासा होता. चोचीच्या कडांमधून शेवाळ त्याने सावकाश गाळून टाकले आणि मासा गिळला. वाटाड्या सांगत होता की पूर्वी इथले कोळी हा पक्षी दिसणे अपशकुनाचे मानत, कारण त्या दिवशी जाळ्यात काही येत नाही असा समज होता, आणि म्हणून त्याला मारूनही टाकत. आज त्याच्याच दर्शनावर गावातल्या नावाड्यांची आणि वाटाड्यांची कमाई चालते.

परतायला आम्ही दुपार केली, ही आमची चूक. वारा सुटला, उघड्या पाण्यावर लाटा उठल्या आणि अंगावरचे कपडे, कॅमेऱ्याची पिशवी, सगळे भिजले. व्हिक्टोरिया फार खोल नाही, जास्तीत जास्त सुमारे ८० मीटर, पण त्याचा पसारा एवढा आहे की वाऱ्याला अडवणारे काही नसते. त्यामुळे होडीचा कार्यक्रम शक्यतो सकाळीच उरकावा, लाइफ जॅकेट दिसल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये आणि जलरोधक पिशवी जवळ असू द्यावी.

पाणी कितीही नितळ दिसले तरी काठाजवळ पोहू नये. उथळ पाण्यातल्या गोगलगायींमार्फत बिल्हार्झिया हा रोग पसरतो आणि त्याच्या अळ्या त्वचेतून थेट शरीरात शिरतात. पाण्यात उतरणे झालेच असेल तर परतल्यावर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. संध्याकाळी पाण्यावर धुराच्या खांबांसारखे काही उठताना दिसले तर घाबरू नये. ते चिलटांचे थवे असतात. ती चावत नाहीत, परंतु खोलीतला दिवा चालू आणि खिडकी उघडी राहिली तर पांघरूण झटकत बसावे लागते, हा स्वानुभव आहे.

न्गांबा बेटावरच्या चिंपांझींच्या अभयारण्याची सहल महाग आहे. मुले बरोबर असतील तर जावे, आम्ही गेलो नाही. सरोवरातल्या सेसे बेटांना एंटेबेजवळच्या नाकिवोगोच्या धक्क्यावरून साधारण साडेतीन तासांची फेरी बोट जाते. ती दिवसाकाठी एकदाच जात असल्यामुळे तिथे मुक्काम धरूनच बेत आखावा.

जिंजा हे शहर राजधानी कंपालापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. नाईलचा उगम शोधणारा ब्रिटिश प्रवासी स्पीक १८६२ मध्ये इथे आला तेव्हा सरोवराचे पाणी रिपन धबधब्यावरून नाईलमध्ये कोसळत होते. १९५४ मध्ये ओवेन फॉल्सचे धरण झाले आणि धबधबा पाण्याखाली गेला. त्यामुळे ‘नाईलचा उगम’ म्हणून आज दिसते ती एक पाटी आणि खळखळत वर येणारे पाणी. धबधब्याच्या अपेक्षेने गेलेला माणूस हिरमुसतो. तरीही जावे. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथे विसर्जित झाला आणि १९९७ मध्ये काठावर त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला. शहराच्या मुख्य रस्त्यावर जुन्या इमारतींच्या माथ्यावर भारतीय मालकांची नावे आणि बांधकामाची वर्षे अजून वाचता येतात. १९७२ मध्ये हुकूमशहा ईदी अमीनने आशियाई लोकांना देशाबाहेर काढले तेव्हा ही माणसे गेली, नावे राहिली. मला उगमापेक्षा या रस्त्यावर जास्त वेळ थांबावेसे वाटले. उगम पाहायला होडी केलीत तर तिचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे.

खाण्यापिण्याची अडचण येत नाही. अख्खी तळलेली तिलापिया उत्तम मिळते, बाजारात मुकेने नावाची बारीक सुकी मासळी आपल्या सुकटीसारखी ढिगाने मांडलेली असते. शाकाहारी माणसाला शेंगदाण्याच्या घट्ट रश्शाबरोबर मातोके, म्हणजे वाफवलेली कच्ची केळी, चालतील. रस्त्यावर मिळणारा ‘रोलेक्स’ म्हणजे चपातीत गुंडाळलेले ऑम्लेट. चपातीला तिथेही चपाती हाच शब्द आहे.

परतताना पीतज्वराची लस घेतल्याचे पिवळे कार्ड मुंबई विमानतळावरच्या आरोग्य कक्षात पुन्हा तपासतात आणि ते नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. ते पासपोर्टातच ठेवावे. मी ते बॅगेत तळाशी ठेवले होते आणि मागच्या रांगेसमोर कॉफीचे चार पुडे, ओले बूट आणि एक चिखलाळलेली विजार बाहेर काढल्यावर ते हाती लागले.