गाय टेम्पोतून उतरणार कुठे?

गेल्या महिन्यात आमच्या व्हेटर्नरी कॉलेजातून फोन आला, मॅडम कॅम्पस सुधारणेची कमिटी केलीये, माजी विद्यार्थी म्हणून तुम्ही या. म्हटलं येते की. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि बाकीच्यांच्या कॉलेजातही थोडंफार हेच चाललेलं असणार.

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढलेली बाई मी, मला एसी हॉल, प्रोजेक्टर आणि काजूकतलीवाली मीटिंग म्हणजे जरा परकंच वाटतं. आर्किटेक्ट तरुण होता, हुशार पण होता, त्याने थ्रीडी लावलं. काचेचं प्रवेशद्वार, दुमजली पोर्च, पोर्चपुढे गोल कारंजं, कारंज्याभोवती लॉन, आणि लॉनच्या कडेने लॅपटॉपच्या बॅगा लटकवलेली माणसं चाललीयेत, सगळी एकजात गोरी. दोन-तीन मिनिटं बघितलं मग लक्षात आलं की व्हेटर्नरी कॉलेजच्या अख्ख्या थ्रीडीत एकच जनावर आहे, लॉनवर पट्ट्याला बांधलेलं लॅब्रेडॉर.

मी विचारलं, "सर, यात गाय टेम्पोतून उतरणार कुठे?"

डीन सर आर्किटेक्टकडे बघायला लागले, आर्किटेक्ट बांधकाम विभागाच्या साहेबांकडे. साहेब म्हणाले, ते मागच्या सर्व्हिस गेटने होईल मॅडम, पुढून बरं दिसत नाही.

आता यावर मी का चिडले ते सांगते. काही वर्षांपूर्वी याच कॉलेजात क्लिनिकची नवी इमारत झाली, तेव्हा ओपीडीच्या व्हरांड्यात आणि आत गुळगुळीत चकचकीत फरशी घातली. उद्घाटनाच्या फोटोत अगदी छान दिसली. त्याच पावसाळ्यात मी एक केस पाठवली होती, एचएफ म्हणजे होल्स्टीन जातीची गाय, व्यायला दोन दिवस झालेले, जार म्हणजे वार आत अडकलेली, मालक साठीचे आबा. मी पण मागोमाग गेले कारण गाय भारी होती आणि आबांना तिथलं कुणी माहितीचं नव्हतं. टेम्पो मागे घेऊन व्हरांड्याला टेकवला, गायीने पुढचा पाय फरशीवर ठेवला, खुराचा कर्र असा आवाज झाला तशी ती थांबली. जनावराला कळतं हो, आपल्याला कळत नाही. मागून दोन पोरांनी शेपूट पिरगाळलं, गाय पुढे आली आणि ओल्या फरशीवर तिचे मागचे दोन्ही पाय दोन बाजूला गेले. ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये, गाय अशी फाकली की मांडीच्या आतले स्नायू फाटतात आणि नुकती व्यायलेली जड गाय असेल तर बहुतेक वेळा परत उभी राहत नाही. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या खुराखाली सारायचा प्रयत्न केला, बोलले काहीच नाहीत. जार काढायला आणलेली गाय अकराव्या दिवशी तिथेच गेली.

ती फरशी अजून तशीच आहे. फक्त रोज सकाळी तिथले शिपाई मामा येऊन तिच्यावर पोती अंथरतात आणि संध्याकाळी उचलून वाळत घालतात. इतक्या वर्षांत सगळ्यात कामाचं बांधकाम काय झालं असेल तर ते मामांचं.

म्हणून मी त्या मीटिंगमध्ये जमिनीपासूनच सुरुवात केली. काँक्रीट करा, ओलं असतानाच त्यात खाचा पाडा, साधारण चाळीस फुटाला एक फूट उतार द्या म्हणजे मूत नि धुण्याचं पाणी थांबणार नाही, आणि फार खरबरीतही करू नका, खूर झिजून लंगडतात. यात नवीन काहीच नाही, पहिल्या-दुसऱ्या वर्षाला गोठ्याच्या धड्यात आपणच हे पोरांना घोकायला लावतो, गायीला छताखाली साडेतीन चौरस मीटर, म्हशीला चार, मोकळ्यात त्याच्या दुप्पट, गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम. आणि पोरगं हे पेपरात लिहून बाहेर आलं की समोर कॉलेजचाच गोठा उत्तर-दक्षिण उभा. मग पोरं काय शिकणार.

जनावर कशाला बुजतं याचा तर कुणी विचारच करत नाही. अमेरिकेत कोलोराडोच्या विद्यापीठात टेम्पल ग्रँडिन म्हणून बाई आहेत, त्यांनी गुरांच्या वाटा कशा असाव्यात यावर आयुष्य घातलं. त्या चक्क गुरं जातात त्या बोळातून स्वतः वाकून चालायच्या, म्हणजे गुराला काय दिसतं ते बघायला. मग कळायचं की लटकती साखळी, पाण्यावरची चमक, जमिनीवर पडलेली सावलीची पट्टी, गटारावरची जाळी, एवढ्यावर गुरं अडतात. भिंती भरीव आणि वाट वळणाची ठेवली की ती शांत जातात, कारण गुराला वाटतं आपण आलो तिकडेच परत चाललोय. आमच्याकडे जनावर तपासायला अडकवायचा खोडा कुठे आहे? बरोब्बर जनरेटरसमोर. लाईट गेली, जनरेटर धडाडला की खोड्यातली म्हैस, आतला मास्तर आणि चार पोरं सगळ्यांचीच परीक्षा.

एक सर म्हणाले मॅडम पण कॉलेजला एक भारदस्तपणा पाहिजे. असू दे ना, नको कोण म्हणतंय. पण बघा, परळचं मुंबई व्हेटर्नरी कॉलेज १८८६ चं, आपल्याकडचं सगळ्यात जुनं, तिथे आधी बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचा दवाखाना होता आणि मग त्याच्या आधाराने कॉलेज आलं. आधी आजारी बैल, मग विद्यार्थी. फ्रान्समध्ये ल्योंला जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा १७६२ ला सुरू झाली ती तर एका जुन्या सरायीत, बुळकांडीने गुरं पटापटा मरत होती, म्हणून बूर्जला नावाच्या घोडेस्वारी शिकवणाऱ्या माणसाने ती काढली. कारंजं नव्हतं तिथे. (बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली, हे आमच्या व्यवसायाचं मोठ्ठं काम, पण देवीच्या रोगाचं नाव सगळे घेतात, बुळकांडीचं कुणी नाही. असो.)

पोस्टमॉर्टेम हॉलवरून तर भांडणच झालं. प्लॅनमध्ये तो क्लिनिकला लागून होता, का तर पोरांना जवळ पडेल. अहो मेलेलं जनावर आणि जितं जनावर एका वाटेने कसं न्यायचं? मढं वेगळ्या गेटने आलं पाहिजे, गाडी धुवायला जागा पाहिजे आणि पुरायचा खड्डा नाहीतर भट्टी तिथेच पाठीमागे पाहिजे. फाशीचा, म्हणजे अँथ्रॅक्स रोगाचा संशय असेल तर जनावर फाडायचंच नाही, कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन स्लाईड बघायची, कारण फाडलं आणि हवा लागली की त्या जंतूचे बीजाणू होतात, ते मातीत वर्षानुवर्षं राहतात. म्हणजे हॉलच्या बाहेर स्लाईड बघायला एक छोटी खोली नि मायक्रोस्कोप पाहिजे. ही खोली प्लॅनमध्ये नव्हती, तिच्या जागी "लाउंज" असं लिहिलं होतं. रेबीजच्या संशयाचं कुत्रं कुठे ठेवणार तेही नव्हतं, आणि पार्व्हो या संसर्गजन्य रोगाची कुत्र्याची पिल्लं लसीला आलेल्या पिल्लांच्या शेजारच्याच बाकावर. डिसेक्शन हॉलचे एक्झॉस्ट फॅन छताजवळ दाखवलेले, म्हणजे मढं टिकवायच्या फॉर्मलिनचा वास टेबलावरून निघून आधी पोरांच्या नाकाडोळ्यातून जाणार मग फॅनला. वास टेबलाच्या पातळीलाच खाली ओढायला पाहिजे, तो आर्किटेक्ट म्हणाला हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याचंही खरंय, त्याला कमिटीने ब्रीफ दिलं ते दोन पानांचं, त्यातलं एक पान लोगोचं.

मुलींचा विषय मीच काढला, दुसरं कोण काढणार. आमच्या बॅचला आम्ही चौघी होतो. रात्री गाय अडली की आम्ही हॉस्टेलवरून अंधारातून टॉर्च घेऊन जायचो, हात खांद्यापर्यंत घालून वासरू ओढायचं, आणि धुवायला क्लिनिकमागचा उघडा नळ, बाजूला सगळी मुलं आणि मालक लोक. पुरुष शर्ट काढून मोकळे, आम्ही तशाच भरलेल्या कपड्यांनी परत. आता वर्गात अर्ध्या मुली दिसतात आणि नव्या प्लॅनमध्ये नाईट ड्युटीची खोली एकच, बाथरूम एकच. मी म्हटलं दोन करा, गरम पाण्यासकट, आणि हॉस्टेलपासून क्लिनिकपर्यंत दिवे लावा. हे मात्र लगेच मंजूर झालं, बहुतेक मी जरा जोरात बोलले होते.

आणि जनावराबरोबर येणारा माणूस. ऑपरेशन झालेल्या म्हशीजवळ तो चार-पाच दिवस थांबतो, टेम्पोखाली झोपतो, वडापाववर राहतो, संडासला मागच्या झाडीत जातो. त्याला एक खोली, एक चूल मांडायची जागा, एक संडास. यावर "बघू" असं मिनिट्समध्ये आलंय. "बघू" मिनिट्समध्ये कसं लिहितात मला माहिती नव्हतं, "विचाराधीन" लिहितात.

शेवटी जनावर उतरवायच्या धक्क्यावर गाडी अडली. आर्किटेक्ट म्हणाला मॅडम उंची सांगा, मी काढतो. मी म्हटलं चला गेटवर. सोमवार होता, ओपीडी भरलेली, मामांनी टेप आणला. छोटा हत्ती टेम्पो दोन फुटाच्या जरा वर, पिकअप पावणेतीनच्या आसपास, ट्रॅक्टरची ट्रॉली साडेतीनला गेली. एकच धक्का कुणालाच बसेना. मग आर्किटेक्टनेच तिथे मातीत काडीने काढून दाखवलं, एक लांब उताराचा कट्टा, त्याच्या कडेला तीन उंचीचे तीन टप्पे, जी गाडी येईल ती आपल्या टप्प्याला लागेल आणि वरून साखळी-पुलीचा गर्डर थेट ऑपरेशनच्या खोलीत, म्हणजे उठता न येणारी बसकी गाय फरफटत न्यायला नको. पोरगं हुशार आहे हे मी आधीच लिहिलंय. पिकअपवाला बाजूला उभा राहून ऐकत होता, म्हणाला मॅडम टप्प्याच्या कडेला जुने टायर लावा, आमच्या फाळक्याचे पत्रे वाकतात. तेही लिहून घेतलं.

कट्ट्याला जागा लागते साठ-सत्तर फूट, आणि तेवढी सलग जागा पुढेच आहे, जिथे कारंजं आहे. पुढची मीटिंग अठ्ठावीस तारखेला आहे. कारंजं अजून ड्रॉइंगमध्ये आहे. मामांना सांगून ठेवलंय, त्या दिवशी पोती जरा उशिरा अंथरा, साहेबांना आधी त्या फरशीवरून चालत येऊ द्या.