एवढंसं घर, त्यात बघायचं काय?

पाहुणे आले आणि मी पुण्यातल्या फुलेवाड्याचं नाव काढलं की हमखास विचारतात, "तिथे बघण्यासारखं आहे तरी काय?" परवा भाचीनेही विचारलं, तेही आत फिरून झाल्यावर. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी एक घोळ मिटवू. 1848 साली मुलींची शाळा भरली तो भिडेवाडा, बुधवार पेठेतला, 2023 मध्ये पाडला तो. हा वेगळा. हे जोतीराव-सावित्रीबाईंचं राहतं घर, गंज पेठेतलं (पेठेचं नाव आता महात्मा फुले पेठ, पण रिक्षावाल्याला गंज पेठच सांगा). वाडा म्हटलं की लोकांना दोन-चार चौक, मोठा दिंडीदरवाजा हवा असतो, तसलं इथे काही नाही. कौलारू बैठं घर, लाकडी खांब, भिंतींवर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग. दहा मिनिटांत बघून होतं आणि मग लोक चप्पल शोधायला लागतात.

1868 मध्ये याच घरचा हौद त्यांनी अस्पृश्यांसाठी खुला केला. समतेवर भाषण देणं वेगळं आणि आपण पितो त्याच पाण्यात दुसऱ्याची घागर बुडू देणं वेगळं, ते सुद्धा त्या काळच्या पुण्यात! 1888 मध्ये पक्षाघाताने जोतीरावांचा उजवा हात गेला तर डाव्या हाताने लिहीत राहिले.

आणि मागचं तुळशीवृंदावन. भाचीला वाटलं पूजेचं असेल, सवयीने हात जोडून पुढे निघाली. तिला थांबवून सांगितलं, की जोतीरावांनी मृत्युपत्रातच लिहिलेलं, मला जाळू नका, मिठात घालून पुरा. त्यासाठी घरामागे खड्डासुद्धा खणून ठेवलेला. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले आणि नगरपालिकेने परवानगीच दिली नाही, वस्तीत पुरता येणार नाही म्हणे. मग दहन करावं लागलं. त्यात दत्तक मुलाने, यशवंतने, टिटवं (अंत्ययात्रेत पुढे धरतात ते मडकं) धरायचं की नाही यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतःच टिटवं उचललं आणि पुढे चालू लागल्या. अस्थी मात्र इथेच आणून ठेवल्या, त्या खणलेल्या जागी.

भाची परत मागे वळून वृंदावनापाशी गेली, या वेळी जरा जास्त वेळ थांबली.

जाणार असाल तर एखाद्या आडवारी सकाळी जा. 11 एप्रिलला जयंतीची गर्दी असते, तेव्हा नीट उभंही राहता येत नाही.