मनोसार, पोम आणि मुअन

"मॅडम, थायलंडमध्येही मनूचाच कायदा होता का हो?"

कायद्याचा इतिहास शिकवायला लागले तेव्हापासून दर वर्षी कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतं. आमचे वर्ग संध्याकाळचे, नोकरी करून येणारी माणसं. महाराष्ट्रात मनूचं नाव सहज घेता येत नाही. ते निघालं की महाड आठवतं, २५ डिसेंबर १९२७ आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. म्हणून या प्रश्नात कुतूहल कमी आणि धास्ती जास्त असते. वर्गात उत्तराला पाच मिनिटं मिळतात आणि नेमकी पोमची गोष्ट राहून जाते. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आज सगळं लिहून काढते.

नाव पोहोचलं होतं. थाय भाषेत जुन्या कायद्याच्या मूळ ग्रंथाला 'थम्मासात' म्हणतात, म्हणजे आपलं धर्मशास्त्र. ते भारतातून थेट गेलं नाही. ब्रह्मदेश-थायलंडातल्या मोन लोकांच्या बौद्ध, पाली परंपरेतून गाळून तिकडे गेलं, आणि त्या गाळणीत चातुर्वर्ण्य मागे राहिलं. वादाचे विषय मनुस्मृतीत अठरा, थम्मासातात एकोणतीस. मनूचा तिथे मनोसार झाला, आणि हा मनोसार न्यायनिवाडा करताना चुकलेला माणूस आहे.

त्याची कथा मला फार आवडते. दोन शेजाऱ्यांचे काकडीचे मळे. एकाचा वेल बांध ओलांडून दुसऱ्याच्या मळ्यात गेला आणि काकड्या तिकडे धरल्या. मनोसाराने निकाल दिला की ज्याच्या जमिनीत काकडी, त्याची ती. वेलाच्या मालकाला हे पटलं नाही, तो राजाकडे गेला. राजाने दुसरा अधिकारी पाठवला. त्याने वेल उचलला, मागे मागे नेत मुळापर्यंत पोहोचला आणि निकाल फिरवला. मनोसाराला ही चूक इतकी लागली की तो पद सोडून तपाला बसला. सिद्धी मिळाल्यावर विश्वाच्या कडेला, चक्रवाळाच्या भिंतीपाशी गेला. तिथे हत्तीएवढ्या अक्षरांत कायदा कोरलेला होता, तो त्याने पाठ करून आणला.

कायदा भिंतीवर आधीपासूनच कोरलेला असेल, तर राजा त्याचा कर्ता होऊ शकत नाही, तो फक्त सांभाळणारा. अयुध्या ही थायलंडची जुनी राजधानी. तिथल्या राजांनी हुकूम पुष्कळ काढले, पण ते मूळ धर्माची फोड म्हणून. माणसांची प्रतवारी मात्र त्यांनी स्वतःची घातली. 'सक्दिना' नावाची पद्धत होती. प्रत्येक माणसाला एक आकडा, भिकाऱ्याला आणि दासाला ५, साध्या कुळवाड्याला २५ पर्यंत, सरदार म्हणवून घ्यायला ४०० आणि पुढे. कुणाचा अपमान केला तर दंड किती, हे या आकड्यांवरून ठरे. जात जन्माची असते आणि हा आकडा बढतीने बदलू शकत होता, हा फरक आहेच. पण ज्याचा आकडा ५, त्या माणसाला त्या फरकाचा किती उपयोग झाला असेल, हे मी वर्गाला विचारते.

१७६७ मध्ये ब्रह्मी फौजांनी अयुध्या जाळली, तेव्हा कायद्याच्या बहुतेक पोथ्याही गेल्या. पुढे बँकॉकला नवी राजधानी झाली, चक्री घराण्याचा पहिला राम गादीवर बसला आणि उरल्यासुरल्या प्रतींवर न्याय चालू राहिला. अशा वेळी पोम नावाची बाई न्यायालयात उभी राहिली.

पोमचा नवरा बुनसी हा राजाच्या पदरचा लोहार. पोमचे दुसऱ्या पुरुषाशी संबंध होते आणि घटस्फोट तीच मागत होती. न्यायाधीशांनी पोथी उघडली. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं की नवऱ्याचा काही दोष नसला तरी बाई सोडू म्हणेल तर तिला सोडता येतं. घटस्फोट मिळाला. बुनसीने राजाकडे दाद मागितली. राजाने राजवाड्यातली, ग्रंथागारातली आणि न्यायालयातली अशा तिन्ही प्रती मागवल्या. तिन्हींत अक्षर न् अक्षर तेच.

राजाला हे मान्य होईना. कायदा न्यायाशी जुळत नाही, म्हणजे पाठातच बिघाड झाला असणार, असं त्याने ठरवलं. चार लेखनिक, तीन न्यायाधीश आणि चार राजपंडित अशा अकरा जणांना पोथ्या शुद्ध करायला बसवलं. १८०५ मध्ये काम पुरं झालं. प्रत्येकी ४१ पोथ्यांचे तीन संच तयार झाले आणि प्रत्येकावर तीन शिक्के उठले. राजसिंह, गजसिंह आणि स्फटिककमळ. या 'तीन शिक्क्यांच्या कायद्या'ने पुढची शंभर वर्षं सयाम, म्हणजे तेव्हाचा थायलंड, चालवला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचं कौतुक असतं आणि ते योग्यही आहे. मला मात्र दर वेळी खटकतं की त्याच्या मुळाशी एका बाईला मिळालेला हक्क आहे. तो जुन्या पोथीत होता, न्यायालयाने मान्यही केला होता, आणि राजाला तो चूक वाटला.

साठ वर्षांनी वारं फिरलं. गादीवर मोंगकुट राजा होता (त्या नावात आपला मुकुटच आहे). १८६५ मध्ये एकवीस वर्षांच्या मुअनने त्याच्याकडे अर्ज केला. तिचं मन रिद नावाच्या तरुणावर होतं आणि आईबापांनी तिला फू नावाच्या माणसाला देऊन टाकलं होतं. तिला ओढत फूच्या घरी नेलं, ती पळाली. स्थानिक अधिकाऱ्यांनी तिला अडकवून ठेवलं, तिथूनही ती निसटली आणि थेट राजाच्या दाराशी आली. राजाने ठरवलं की वीस वर्षांवरच्या बाईने नवरा स्वतः निवडावा. हत्ती-घोडे, गाई-म्हशींचे मालक असतात तसे आईबाप लेकरांचे मालक नाहीत, की किंमत ठरवून विकावं, असं त्या हुकुमात आहे. उमरावांच्या मुलींना ही मोकळीक नव्हती, तेही सांगायला हवं. दोनच वर्षांनी चान नावाची बाई आली. नवऱ्याने तिला न विचारता विकलं होतं. जुना कायदा पाहून राजा म्हणाला, यात बाई म्हैस आणि पुरुष माणूस ठरतो, हा न्याय नव्हे, हे कलम काढा.

इथे वर्गात हमखास पुढचा प्रश्न येतो. सयाम कधी कुणाची वसाहत झाला नाही, मग तिथे युरोपचा कायदा कसा? त्याला कारण १८५५ चा ब्रिटनशी झालेला बाउरिंग तह. इंग्रज प्रजेचे खटले सयामी न्यायालयात चालणार नाहीत, त्यांचा वकील, म्हणजे कॉन्सल, ते चालवेल, असं ठरलं. मग इतर देशांनीही तेच मागितलं. तुमचा कायदा आमच्यासारखा झाला तर हा हक्क सोडू, असं ते म्हणत. मोंगकुटचा मुलगा चुलालोंगकोर्न राजा झाला, त्याने ते मनावर घेतलं. त्याचा मुलगा रपी ऑक्सफर्डला कायदा शिकून आला आणि १८९७ मध्ये त्याने बँकॉकला कायद्याचं विद्यालय काढलं. बेल्जियन, फ्रेंच, जपानी सल्लागार आले. १९०५ मध्ये दास्य संपलं, १९०८ मध्ये दंडसंहिता आली, मग दिवाणी संहिता. परक्यांचे खास हक्क पुरते जायला १९३०चं दशक संपत आलं. तोवर १९३२ च्या क्रांतीने राजाची सर्वंकष सत्ता गेली होती, आणि १९३५ च्या कुटुंबकायद्याने एका पुरुषाला एकच बायको, हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. तीन शिक्क्यांच्या कायद्यात पुरुषाला थोरली, धाकटी आणि विकत घेतलेली अशा तीन प्रकारच्या बायका करता येत.

शब्द मात्र जुनेच राहिले. न्यायालयाला 'सान' म्हणतात, ती आपली शाला. खटला 'खदी', म्हणजे गती. फौजदारी कायदा 'आया', म्हणजे आज्ञा. १९०८ च्या दंडसंहितेच्या जागी १९५६ मध्ये नवी आली, तिच्यात ११२ वं कलम आहे. राजाची बदनामी केली तर प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं कैद. अलीकडच्या वर्षांत विशीतली मुलंमुली त्यात तुरुंगात गेली आहेत. मुअन राजाच्या दाराशी गाऱ्हाणं घेऊन गेली, ते मी शिकवते तेव्हा ही मुलं माझ्या डोळ्यांसमोर असतात आणि मला फार वाईट वाटतं.

२३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये कुठल्याही दोन सज्ञान व्यक्तींना लग्न करता येतं. कायद्यातले 'नवरा' आणि 'बायको' हे शब्द जाऊन 'जोडीदार' आला. लग्नाला तिथे 'सोमरोत' म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की मला आपला 'समरस' दिसतो. घटस्फोटाच्या कारणांत नवऱ्याला एक माप आणि बायकोला दुसरं, हा भेद २००७ मध्येच गेला होता. आज दोघं राजी असतील तर दोन साक्षीदारांपुढे लेखी देऊन, कचेरीत नोंद करून मोकळं होता येतं. एकट्याला हवा असेल तर संहितेत दिलेल्या कारणांपैकी एखादं सिद्ध करावं लागतं. जोडीदाराचा काही दोष नसताना, नुसतं सोडायचं आहे म्हणून सोडता येतं, हे पोमच्या पोथीतलं कलम अजून परत आलेलं नाही.