कुजवलेले मत

रविवार, रात्री साडेदहा

आज निवडणूक कामाचे प्रशिक्षण होते. जेवणाच्या सुट्टीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘मत कुजवणे’ हा शब्दप्रयोग केला आणि तरुण शिक्षकांपैकी कोणालाच तो ठाऊक नाही हे पाहून मला नवल वाटले. यंत्राचे बटण दाबणाऱ्या पिढीला तो ठाऊक असावा तरी कशाला, म्हणा. घरी आल्यापासून मात्र १९५२ ची उत्तर मुंबईतील लढत मनातून जात नाही.

त्या मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव जागेवर. मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका असत, प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे, आणि दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरली जाई, दुसरी वाया जाई, म्हणजे कुजली. मुद्दाम असे करणे म्हणजे मत कुजवणे. सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिलेले डॉ. आंबेडकर समाजवाद्यांशी युती करून आपल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षातर्फे राखीव जागेसाठी उभे होते. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांना १,३८,१३७ मते मिळाली, बाबासाहेबांना १,२३,५७६. कम्युनिस्टांनी मते कुजवण्याचा प्रचार केला, अशी तक्रार बाबासाहेबांनी समाजवादी नेते अशोक मेहता यांच्यासह निवडणूक याचिकेत केली. ती फेटाळली गेली.

या पराभवाची चर्चा बहुधा कोणी दगा दिला याभोवतीच फिरते. मला मात्र तो आकडा वाचताना १९३२ चा पुणे करार आठवतो. अस्पृश्यांसाठीचे स्वतंत्र मतदारसंघ सोडून सर्वांचे संयुक्त मतदारसंघ स्वीकारताना, राखीव जागेवरचा माणूस अखेर इतरांच्याच मतांनी ठरेल, ही जी भीती बाबासाहेबांना होती, तिचा अनुभव वीस वर्षांनी खुद्द त्यांनाच घ्यावा लागला.

त्याहून अधिक चटका लावते ती १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक. तेथेही दोन जागा होत्या. दुसरे मत कुजवावे, म्हणजे आपली जागा सुरक्षित होईल, असा हिशेब कार्यकर्त्यांनी मांडला तेव्हा बाबासाहेबांनी त्याला साफ नकार दिला. राज्यघटना घडवणाऱ्याने मत वाया घालवायला सांगणे त्यांना पटणारे नव्हते. ते सुमारे आठ हजार मतांनी पडले. सर्वसाधारण जागेवर निवडून आले अशोक मेहता, आणि त्यांच्या पेटीत बाबासाहेबांच्या मतदारांची ती न कुजवलेली दुसरी मते असणारच.