दाब असा असतो का?

"दुखत नाही ताई, नुसता दाब आहे तो." दाढ काढताना हे वाक्य मी दिवसातून कितीदा म्हणतो, मोजलेलं नाही. ते खोटं नाही. भुलीचं औषध वेदना नेणारे बारीक तंतू आधी गाठतं, दाब कळवणारे जाड तंतू बरेचदा जागेच राहतात. ढकललेलं कळतं, कळ येत नाही. येऊ नये.

त्या दिवशी खालची पहिली दाढ होती. बाई खुर्चीत बसतानाच म्हणाल्या, "मला भूल चढत नाही." असं सांगणारे पुष्कळ येतात. बहुतेकांना आधी कुणीतरी घाईत टोचलेलं असतं: सिरिंज पाच सेकंदांत रिकामी आणि ओठ जड व्हायच्या आत चिमटा तोंडात. एक मिली औषधाला निदान एक मिनिट द्यावं. मी देतो, आणि त्याचा मला जरा माजही आहे.

खालच्या जबड्याचं हाड मागे घट्ट असतं. वरच्या दाढांसारखं शेजारी टोचून औषध आत झिरपत नाही, म्हणून नस हाडात शिरते तिथेच तिला गाठावं लागतं. अंगठा जबड्याच्या कडेच्या खोलगट भागात, सिरिंज पलीकडच्या बाजूच्या उपदाढांवर, सुई दोन-अडीच सेंटिमीटर आत. हाड लागलं की केसभर मागे, दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचं, मग सावकाश. २ टक्के लिग्नोकेन, सोबत ॲड्रिनलिन. गालाकडच्या हिरडीला वेगळं.

आठ मिनिटांत ओठ जड, अर्धी जीभ बधिर. हिरडीत प्रोब टोचून पाहिला, काही नाही. एलिव्हेटर, म्हणजे दाढ सैल करायचं हत्यार, लावला आणि बाई खुर्चीतून उसळल्या. मी माझं वाक्य म्हटलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी विचारलं, "दाब असा लखकन येतो का हो?"

नाही येत.

सूज किंवा पू असता तर तिथल्या आम्लाने भूल फिकी पडली म्हणून सुटता आलं असतं. इथे दोन्ही नव्हतं. ओठ बधिर झाला याचा अर्थ ओठाची नस झोपली, एवढाच. नस ज्या छिद्रातून हाडात शिरते त्याच्या आधीच तिच्यातून एक शाखा फुटते, आणि काहींच्या दाढांना तिचेही धागे असतात. परीक्षेत हे लिहून मी मार्क मिळवले होते. खुर्चीजवळ मात्र आधी पेशंटवर शंका घेतली.

त्या शाखेसाठी जिभेच्या बाजूने, मुळांच्या टोकाशेजारी थोडं औषध सोडलं. जीभ आधीच बधिर, त्यामुळे टोचलेलं त्यांना कळलंही नाही. वजनाच्या किलोमागे ७ मिलिग्रॅम ही मर्यादा, आम्ही तिच्यापासून बरेच लांब होतो. पाच मिनिटं थांबून पुन्हा एलिव्हेटर लावला. बाई डोळे मिटून, दाढ हलत असताना, बोबड्या आवाजात म्हणाल्या, "हं. हा दाब."

त्यांच्या कागदावर लिहून दिलं: या दाढांना जिभेच्या बाजूनेही भूल द्यावी. मग संध्याकाळी जुने कागद उघडले. निदान तिघांच्या नावापुढे माझ्या अक्षरात "पेशंट घाबरट" असं लिहिलेलं आहे. तिन्ही दाढा खालच्याच.