दोनच सीटांची गाडी

शनिवार, रात्र

बघून आले. घरी येऊन दोन तास झाले, तरी तळव्यात अजून गीअरच्या दांड्याचा गोळा जाणवतोय.

माझदाची एमएक्स-५, १९९६ ची, पहिल्या पिढीतली. बटण दाबलं की बॉनेटमधून हेडलाइट वर येतात. पुढच्या पिढीपासून ते गेले. कापडी टप हातानेच उघडायचा. दोन खटके सोडायचे, मागच्या प्लॅस्टिकच्या काचेची चेन उघडून ती आधी सपाट पाडायची आणि मग टप मागे घ्यायचा. चेन न उघडता घाई केली तर काचेला कायमची घडी पडते, थंडीत तर ती तडकतेच. या गाडीच्या काचेवर घडी नव्हती. तेवढ्यावरूनच मालकाबद्दल मत चांगलं झालं. किल्ली माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "तुम्हीच चालवा, मी नुसता बसतो."

गाडीचं वजन एक टनाच्या आसपास. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. शक्ती म्हणावी तर आजच्या साध्या घरगुती गाडीला ती मागे टाकेलच असं नाही, पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा मनगटाच्या एका हलक्या हालचालीने सरकतो आणि स्टिअरिंगमधून रस्त्याची खडी न् खडी हाताला कळते. जपानी लोक यासाठी 'जिनबा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकच. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही, पण रपेट म्हटलं की मला तेच दिसतं.

वळणावर मी बोलायची थांबले होते, हे मालकाने लक्षात आणून दिलं तेव्हा कळलं.

रविवार, दुपार

उत्साह उतरल्यावर लिहायचं ठरवलं होतं. तो उतरलेला नाही, पण लिहिते.

गंज. उजव्या दाराखालच्या पट्टीला, मागच्या चाकाच्या जरा अलीकडे, रंगाला फुगा आला आहे. मी ओढणीच्या टोकात गुंडाळून लोहचुंबक नेला होता. डावीकडे तो सगळीकडे घट्ट चिकटला. उजवीकडे फुग्याच्या शेजारी वीतभर जागेत निसटला. म्हणजे तिथे पत्र्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली आहे, आणि खाली किती पत्रा उरलाय ते देव जाणे.

हे असं का होतं ते आज नीट समजून घेतलं. टपावर पडलेलं पाणी सीटांमागच्या पन्हळीत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांपुढे खाली पडतं. नळीत पाला, माती अडकली की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात शिरतं आणि तिथेच साचतं. गंज आतून बाहेर येतो. रंगावर फुगा दिसेपर्यंत आतलं काम बरंच झालेलं असतं. दोष गाडीचा म्हणवत नाही, कधीच साफ न झालेल्या नळ्यांचा आहे. बंद गाडीत हे इतकं मनावर घेतलं नसतं. पण टपाच्या गाडीला वर छत नाही, त्यामुळे सगळा ताण खालचा तळ आणि या दोन पट्ट्याच पेलतात. खराब रस्त्यावर पुढच्या काचेची चौकट आणि आरसा थरथरत होता. थोडी थरथर या गाड्यांत असतेच. किती म्हणजे थोडी, हे मला ठरवता येईना.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा, कधी बदलला याची नोंद नाही. मीटर कमी दाखवतो म्हणून मालक निश्चिंत आहे, पण रबर किलोमीटरनेच नाही, वर्षांनीही म्हातारं होतं. घेतली तर पहिल्या आठवड्यात बेल्ट आणि त्याच्याबरोबर पाण्याचा पंप, दोन्ही बदलायचे. सुटे भाग मिळण्याची चिंता मात्र नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दिसली आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी बनली. इतकी माणसं ज्या गाडीला जपतात तिचे भाग कुणी ना कुणी बनवत राहतंच. होंडा एस२००० चाही विचार करून पाहिला होता. तिचं इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जातं, पण तिची खरी मजा त्या वरच्या टप्प्यातच आहे, आणि मी गाडी तशी ताणणार नाही.

आता गुडघे. गाडी इतकी खाली की आधी पाठमोरं बसायचं आणि मग दोन्ही पाय आत घ्यायचे. काल मुद्दाम पाच वेळा चढले-उतरले. उजवा गुडघा दुखला, पण साथ दिली त्याने. अजून पाच वर्षांनी देईल का, हे मात्र मनातून जात नाही. त्यामुळेच 'पुढे बघू' हे उत्तर मला यावेळी मान्य नाही.

रविवार, रात्र

लेकीचा फोन. "आई, मी आले की बाबा घरी राहणार का?"

तिने सहज विचारलं, पण मी गप्प झाले. घरची गाडी राहणारच आहे, असं काहीतरी सांगितलं. ते खरंही आहे. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. सव्वीस वर्षं गाडी चालवतेय मी. शाळा, शिकवण्या, सासूबाईंचं डायलिसिस, स्टेशनवर आणणं-सोडणं. प्रत्येक वेळी कुठेतरी पोचायचं होतं, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कुणासाठी. त्याची तक्रार नाही, त्यातली कितीतरी बोलणी गाडीतच झाली. पण रस्ता हेच काम, असा एक दिवस आठवायला गेले तर कालचाच आठवतो, वीस मिनिटांचा.

ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी किंमत विचारली नाही. म्हणाले, "उलटली तर?"

बरोबर प्रश्न. पुढच्या काचेच्या चौकटीशिवाय डोक्याच्या उंचीवर काही नाही. त्यावर उपाय म्हणजे सीटांमागे लोखंडी रोल बार आणि त्याला जाड गादी. पण नुसता बार पुरत नाही. त्याच्या माथ्यापासून पुढच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत सरळ काठी धरली तर बसलेल्याचं डोकं त्या काठीखाली राहायला हवं. माझं राहील. हे सहा फूट उंच.

बुधवार

मेकॅनिककडे गाडी वर उचलून बघितली. मालकही आला होता. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने उजव्या पट्टीची लांबी खरवडली तर अंगठा जाईल एवढं भोक निघालं. बाहेरचा पत्रा गेलाय, आतला शाबूत आहे. मेकॅनिकने बॅटरी लावून मला दाखवला. सांगाड्याचे पुढचे मुख्य दांडे सरळ आहेत, अपघाताची खूण नाही. वाकलेल्या दांड्यांसाठी मी तिथूनच परत फिरले असते. हा तुकडा कापून नवा पत्रा जोडता येतो, फक्त आणखी एक पावसाळा जाऊ देता कामा नये. लांबी आपण भरलेली नाही, आधीच्या मालकाकडूनच तशी आली, असं तो म्हणाला. भोक बघून त्याचाच चेहरा उतरला होता. जोडकामाचा खर्च किमतीतून वजा करायला त्याने घासाघीस केली नाही.

मी हो म्हणून आले.

ह्यांना अजून एकच गोष्ट सांगायची आहे. उंच माणसं या गाडीच्या सीटचं आवरण काढून खालच्या फोमचा थर कमी करून घेतात, दीड-दोन इंच जागा मिळते. मला माझ्या सीटला हात लावायचा नाही. शेजारची तेवढी उसवायची, ह्यांना बसवून काठी धरायची, आणि लागेल तेवढाच फोम काढायचा.