म्युनिकहून साल्झबर्गला: डी व्हिसा, मिठाची खाण आणि सीमेवरची तपासणी

नवऱ्याची नोकरी म्युनिकला, म्हणून मी सांगलीहून फॅमिली व्हिसावर इथे आले. रेसिडेन्स कार्डाच्या अपॉइंटमेंटला अजून वेळ होता आणि ऑस्ट्रिया तर दोन तासांवर. पण ओळखीतल्या दोघातिघांनी बजावलं होतं, "कार्ड हातात येईपर्यंत जर्मनीबाहेर पाऊल टाकू नका." नव्याने आलेल्या बऱ्याच जणी याच भीतीने महिनोन्‌महिने घरी बसतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

नियम असा आहे: पासपोर्टवर शेंगेन देशाने (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांपैकी एकाने) दिलेला 'डी' प्रकारचा, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत शिल्लक असेल, तर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. २०१० पासून हे लागू आहे. व्हिसा संपला आणि कार्ड आलेलं नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा जो तात्पुरता कागद देतात, तो कोणत्या कलमाखाली दिलाय यावर सगळं ठरतं, आणि प्रत्येक कागद प्रवासाला चालत नाही. ते कार्यालयात विचारूनच निघावं. माझा व्हिसा चालू होता. मूळ पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि पत्त्याच्या नोंदणीचा कागद एका फाइलमध्ये घातला. दाखला कोणी मागत नाही, पण जवळ असला की जीव शांत राहतो.

तिकिटाचं सोपं आहे. बायर्न तिकीट, म्हणजे म्युनिक ज्यात येतं त्या बव्हेरिया राज्याचं दिवसभराचं रेल्वे तिकीट, साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतं. शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून लागू असतं, इतर दिवशी सकाळी नऊनंतर. फक्त रीजनल गाड्यांत बसायचं आणि तिकिटावर नावं घालायची. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत घेतली होती, ती किमसे तळ्याच्या आसपासच संपली.

शनिवार शहरात घालवला. गेट्राइडेगासे ही अरुंद गल्ली, दुकानांवर लोखंडी नक्षीच्या पाट्या लटकलेल्या. तिथेच नऊ नंबरच्या पिवळ्या घरात २७ जानेवारी १७५६ ला संगीतकार मोझार्ट जन्मला. आत त्याचं लहानपणीचं व्हायोलिन ठेवलंय. त्या काचेसमोरून मला हलवेना. वर होहेनसाल्झबर्गचा किल्ला, १०७७ मध्ये बांधायला घेतलेला. रांग नसेल तर केबल रेल्वेने जा, नाहीतर चढून. सह्याद्रीत गड चढलेल्यांना त्या चढणीचं काहीच वाटणार नाही. एक खरेदीचं लक्षात ठेवा: रविवारी दुकानं बंद असतात, स्टेशनातलं सुपरमार्केट तेवढं उघडं सापडलं.

पण या शहराला एवढे महाल आणि चर्च बांधायला पैसा कुठून आला, हे रविवारी कळलं. लोकल गाडीने हालाइन, तिथून बसने वर ड्युर्नबर्ग. इथल्या डोंगरात केल्टिक लोक ख्रिस्तपूर्व काळापासून मीठ काढत होते, आणि पुढे साल्झबर्गवर राज्य करणाऱ्या आर्चबिशपांची, म्हणजे बड्या धर्मगुरूंची, तिजोरी त्यावरच भरली. मीठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उरण-पेणची मिठागरं येतात, समुद्राचं पाणी आणि ऊन. इथे ते खडकात, माती आणि जिप्समबरोबर मिसळलेलं. खडकात पोकळी करून पाणी सोडायचं, मीठ विरघळू द्यायचं, आणि ते खारं पाणी खाली नेऊन आटवायचं. १९८९ ला हे काम थांबलं.

कपड्यांवरून पांढरे झगे चढवून छोट्या गाडीने आत शिरलो. आत थंडी असते, स्वेटर हवाच. मग लाकडी घसरगुंडी: गुळगुळीत झालेल्या दोन ओंडक्यांवर एकामागे एक बसायचं, पुढच्याला पायांनी धरायचं, मागे रेलायचं आणि सुटायचं. खाणकामगार रोज असेच खाली उतरत. मी नवऱ्याच्या मागे बसून जी ओरडले, की पुढची शाळकरी पोरं टाळ्या वाजवायला लागली. खाली खाऱ्या पाण्याचं तळं आहे, त्यावरून अंधारात तराफ्याने नेतात.

आणि बोगद्यात एके ठिकाणी जर्मनी-ऑस्ट्रियाची सीमा लागते. साल्झबर्ग १८१० ते १८१६ बव्हेरियाकडे होतं, मग ऑस्ट्रियाकडे गेलं, पण मिठाचा थर काही नकाशा बघून थांबत नाही. म्हणून १८२९ मध्ये करार झाला: ऑस्ट्रियाने बव्हेरियाच्या जमिनीखालचं मीठ काढावं, बदल्यात बव्हेरियाने ऑस्ट्रियातल्या जंगलांचं लाकूड घ्यावं. त्या खुणेपाशी मी फाइल छातीशी धरून उभी होते आणि विचारणारं कोणी नव्हतं.

विचारलं ते परतताना. ऑस्ट्रियाकडून येणाऱ्या गाड्या जर्मनी २०१५ पासून तपासते. सीमेलगतच्या फ्रायलासिंग स्टेशनला गाडी थांबली, पोलीस डब्यात चढले. नवऱ्याचं कार्ड बघून लगेच परत दिलं. माझा पासपोर्ट मात्र त्या बाईंनी पानापानाने उलटला, व्हिसाच्या स्टिकरवरची मुदत बोटाने वाचली, भारतातून कधी आलात विचारलं, विमानतळावरचा शिक्का शोधला. मी फाइल उघडायला लागले तर हात हलवून म्हणाल्या, गरज नाही. झालं. फोटो किंवा झेरॉक्स असती तर एवढ्यावर सुटले नसते. मूळ पासपोर्ट हवाच.

उन्हाळ्यात आई-बाबा यायचे आहेत. बाबांचे गुडघे दुखतात, पण घसरगुंडीशेजारी पायऱ्याही आहेत हे मी बघून ठेवलंय. त्यांचा पर्यटक व्हिसा शेंगेनचाच असेल, त्यामुळे पासपोर्ट सोबत घेतले की तेही येऊ शकतील.